चौघांचा डाव : डॅनी बंटन बेरी

होस्टेलवर रात्री अकरानंतर कुठल्याही रूमचं दार ढकलून बघा. चार टाळकी एकाच पलंगावर दाटीवाटीने बसलेली, चौघांच्या हातात मोबाइल, कानात इअरफोन आणि तोंडाने अखंड आरडाओरडा. उद्या सबमिशन असो की ओरल, हा कार्यक्रम चुकत नाही. मीही त्यातलाच एक आहे, त्यामुळे उगाच साळसूदपणाचा आव आणत नाही.

ह्या आरडाओरड्यातले काही शब्द ठरलेले आहेत. कोणी घाबरून कोपऱ्यात लपला की तो 'बायकांसारखा खेळतो'. आणि कोणी अगदीच वाईट हरला की त्याच्यासाठी एक खास शब्द आहे. तो मी इथे लिहिला तर संपादक सर लेख परत करतील, पण तुम्हा सगळ्यांना तो माहीत आहे. मागच्या सेमिस्टरला एकदा आमचा चौथा भिडू झोपून गेला म्हणून आम्ही ऑनलाइन एक अनोळखी भिडू घेतला. माइक सुरू झाला आणि आवाज आला मुलीचा. पुढच्या दोन मिनिटांत आमच्या रूममधून तिला जे काही ऐकवलं गेलं, त्यानंतर ती खेळ अर्धवट सोडून निघून गेली. खरं सांगायचं तर त्या डावात सगळ्यात चांगला नेम तिचाच होता. मी स्वतः काही बोललो नव्हतो. पण हसलो मात्र होतो.

ते हसणं काही डोक्यातून जाईना. मग एकदा परीक्षेच्या सुट्टीत बसून वाचायला लागलो, की हे चौघांनी मिळून कॉम्प्युटरवर खेळायचं, तारेच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाशी खेळायचं वेड आलं कुठून? हे काही एकट्यादुकट्याचं काम नव्हे, खूप जणांनी त्यात भर घातली. पण एक नाव पुन्हा पुन्हा समोर येत राहिलं. डॅनी बंटन बेरी. ही तिची गोष्ट.

सुरुवातीलाच एक अडचण सांगून टाकतो. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीच्या बाई माझ्या वहीत लाल शाईने सगळ्यात जास्त गोल करायच्या ते लिंगाच्या चुकांवर. मी 'खुर्ची तुटला' असं बिनधास्त लिहायचो! आता डॅनीबद्दल लिहायला बसलो तर तोच प्रश्न पुन्हा समोर आला. आपल्या भाषेत क्रियापद लिहायचं म्हटलं की आधी ठरवावं लागतं, 'आला' की 'आली'? डॅनी आयुष्याची ४३ वर्षं जगासाठी पुरुष होती आणि शेवटची साडेपाच वर्षं बाई. तिच्या जुन्या गेम्सच्या खोक्यांवर 'डॅन बंटन' असं पुरुषाचं नाव छापलेलं आहे. पण जाताना ती ज्या नावाने गेली, ते तिने स्वतः निवडलेलं होतं. म्हणून मी पहिल्यापासून शेवटपर्यंत 'ती' असंच लिहिणार आहे. बाईंनी ह्या वेळी लाल गोल करू नये ही विनंती.

डॅनीचा जन्म १९ फेब्रुवारी १९४९ चा. म्हणजे आपल्याकडे शिवजयंतीची तारीख. अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात ती जन्मली आणि शाळकरी वयात कुटुंब आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकला राहायला गेलं. सहा भावंडांत ती थोरली. घरात पैशांची ओढाताण असायची, म्हणून शाळेत असतानाच तिने औषधांच्या दुकानात नोकरी धरली. पण ह्या घरात एक गोष्ट भरपूर होती, आणि ती म्हणजे खेळ. पटावरचे आणि पत्त्यांचे खेळ घेऊन सगळे एकत्र बसायचे. पुढे आयुष्यभर डॅनीला लहानपणीची सगळ्यात सुखाची आठवण विचारली की ती हीच सांगायची. सुट्टीत मामाच्या घरी 'व्यापार' नाहीतर मेंढीकोट खेळताना झालेली भांडणं ज्यांना आठवतात, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पुढे ती आर्कान्सा विद्यापीठात गेली आणि १९७४ साली इंजिनिअर झाली. ब्रँच कुठली? इंडस्ट्रियल! आपल्याकडे कॉम्प्युटरवाले प्रॉडक्शन आणि इंडस्ट्रियलवाल्यांना जे काय चिडवतात ते मला ठाऊक आहे. तर कॉम्प्युटरवाल्यांनो, गेम्सच्या इतिहासातलं हे नाव तुमच्या ब्रँचचं नाही! शिकता शिकता तिने सायकलींचं एक दुकानही काढलं होतं. शिक्षण संपल्यावर अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनसाठी शहरांची गणिती मॉडेल्स बनवायचं काम केलं. एखाद्या गोष्टीचा दर वाढला तर बाकीच्या गोष्टींचं काय होईल, माणसं कुठे जातील, कशासाठी भांडतील, असली आकडेमोड तिच्या अंगात मुरली ती इथे.

त्याच सुमारास घरात ठेवता येईल असे कॉम्प्युटर बाजारात आले. डॅनीने पहिला गेम बनवला १९७८ साली, ॲपल टू कॉम्प्युटरसाठी. नाव 'व्हीलर डीलर्स'. तो कॅनडातल्या एका छोट्या कंपनीने काढला. हा चौघांनी खेळायचा लिलावाचा खेळ होता. मार्केट यार्डात लिलाव कसा चालतो? सगळे एकाच वेळी बोली लावत असतात, कोणी कोणाची पाळी येईपर्यंत थांबत नाही. डॅनीला कॉम्प्युटरवर नेमकं हेच हवं होतं. पण कॉम्प्युटरला कीबोर्ड एकच. म्हणून चौघांना एकाच वेळी बोली लावता यावी ह्यासाठी तिने वेगळी बटणं बनवून घेतली आणि ती खोक्यातच घालून दिली. साहजिकच किंमत वाढली. बाकीचे गेम १५ डॉलरच्या आसपास मिळत असताना हा ३५ डॉलरला पडायचा. खपल्या किती प्रती? ५०! हो, फक्त पन्नास.

आपल्यासारख्याने तिथेच नाद सोडला असता. डॅनीने स्ट्रॅटेजिक सिम्युलेशन्स नावाच्या कंपनीसाठी आणखी तीन गेम केले. त्यातला 'कार्टेल्स अँड कटथ्रोट्स' हा धंद्यातल्या स्पर्धेचा गेम एका माणसाच्या नजरेत भरला. तो माणूस म्हणजे ट्रिप हॉकिन्स, ज्याने १९८२ साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही कंपनी काढली. आज फुटबॉलच्या गेमवर जी 'इए' अक्षरं दिसतात, तीच ही. हॉकिन्सला तो गेम विकत हवा होता, जुन्या कंपनीने दिला नाही. तेव्हा डॅनीने त्याला सांगितलं की त्यापेक्षा चांगला नवा बनवून देते. लिटल रॉकमध्येच भाऊ बिल आणि दोन मित्र, जिम रशिंग आणि ॲलन वॉटसन, ह्यांना घेऊन तिने 'ओझार्क सॉफ्टस्केप' नावाचा चौघांचा गट उभा केला. बघा, इथेही चारच! ह्या चौघांनी १९८३ साली जो गेम बाहेर काढला त्याचं नाव 'म्यूल'. म्हणजे खेचर.

'म्यूल' आधी आला तो अटारी ८०० ह्या कॉम्प्युटरवर, कारण त्याला चार जॉयस्टिक लावायची सोय होती. गेम असा. चार भिडू एका परग्रहावर वस्ती करायला उतरतात. ग्रहाचं नाव 'इराटा'. इंग्रजीत उलटं वाचलं की होतं 'अटारी'! प्रत्येकाला जमिनीचे तुकडे मिळतात. जमिनीवर काम करायला एक यांत्रिक खेचर विकत घ्यायचं, त्याला शेतीचं, विजेचं किंवा खाणीचं सामान जोडायचं आणि ओढत नेऊन आपल्या तुकड्यावर उभं करायचं. नीट उभं केलं नाही तर ते पळून जातं, पैसे पाण्यात. शेतीतून अन्न मिळतं. अन्न कमी पडलं तर पुढच्या फेरीत तुम्हाला हालचालीला वेळच कमी मिळतो. वीज कमी पडली तर उत्पादन घटतं. खाणीतून निघणाऱ्या धातूपासून नवी खेचरं बनतात, त्यामुळे धातू कोणीच काढला नाही तर खेचरं महाग होतात आणि सगळेच अडकतात. म्हणजे एकट्याने सगळं पिकवून कोणाचंच भागत नाही. शेजाऱ्याकडे जावंच लागतं.

आणि मग दर फेरीच्या शेवटी लिलाव. पडद्यावर विकणारे वर उभे, घेणारे खाली. जॉयस्टिक ढकलली की घेणारा वर सरकतो, म्हणजे बोली वाढवतो. विकणारा खाली उतरतो, म्हणजे भाव पाडतो. दोघं जिथे भेटतील तिथे सौदा. वेळ सरत चाललेला, चारही जण एकाच खोलीत, आणि ज्याच्याकडे अन्न आहे तो गालातल्या गालात हसत उभा. मी इम्युलेटरवर खेळून बघितलाय. गेमची चित्रं आज बघितली तर हसू येतं, पण त्या लिलावाला छातीत जे धडधडतं ते अगदी खरं असतं.

पण मला 'म्यूल'मधली सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. गेममध्ये अधूनमधून नशिबाचे फटके आणि बक्षिसं येतात. आता नशीब म्हणजे रँडम नंबर, हे आपल्याला पहिल्या वर्षी शिकवतात. डॅनीने त्यात एक नियम घातला. जो सगळ्यात पुढे आहे त्याला कधीही नशिबाचं बक्षीस मिळणार नाही, आणि जो सगळ्यात मागे आहे त्याच्यावर कधीही नशिबाचा फटका पडणार नाही. आपण लहानपणी गल्लीत एखाद्या छोट्याला 'लिंबूटिंबू' म्हणून खेळात ठेवायचो की नाही? त्याच्यावर राज्य येत नसे, पण तो खेळात असे. हे तसंच, फक्त मागे पडलेल्याला त्यात कमीपणा वाटत नाही, कारण नियम गुपचूप आतून काम करत असतो. खेळ संपेपर्यंत चौघांनाही वाटत राहतं की आपण अजून जिंकू शकतो. कोणी खेळ सोडून उठत नाही. आणि शेवटी निकाल लागतो तेव्हा फक्त पहिला कोण एवढंच सांगत नाहीत, तर सगळ्या वस्तीचं मिळून कसं झालं तेही सांगतात. वस्ती उपाशी राहिली असेल तर पहिला आलेल्याच्या विजयालाही फारशी चव राहत नाही.

'म्यूल'च्या साधारण ३०,००० प्रती विकल्या गेल्या. चोरून कॉपी केलेल्या किती फिरल्या ह्याचा हिशोबच नाही. पैसा फार आला नाही, पण गेम बनवणाऱ्या पुढच्या पिढीने हा गेम अक्षरशः घोटून घोटून अभ्यासला.

पैसा आणला तो पुढच्या गेमने. १९८४ चा 'द सेव्हन सिटीज ऑफ गोल्ड', दीड लाखाच्या वर प्रती! ह्यात तुम्ही स्पेनहून जहाज घेऊन अमेरिका खंडात उतरलेले असता. सोनं शोधायचं, नकाशे काढायचे. तिथे आधीपासून राहणाऱ्या लोकांच्या गावांत शिरायचं. त्यांच्याशी व्यापार करा किंवा त्यांना लुटा, गेम काहीच सांगत नाही. पण गावात शिरलं की लोक तुमच्याभोवती गर्दी करतात, वाट काढताना घाई केली, नुसता धक्का लागला तरी माणूस मरतो. आणि एक मेला की पुढचं सगळं बिघडत जातं. तुम्हाला कोणाला मारायचं नव्हतं, पण मारलंत. त्या काळातल्या किती गेम्समध्ये काळी-सावळी, वेगळ्या वंशाची माणसं म्हणजे नुसतं नेम धरायचं निशाण होतं! इथे ती माणसं वाटेत उभी आहेत, आणि गोऱ्या पाहुण्याने त्यांच्या घरात कसं चालायचं हा प्रश्न खेळणाऱ्याच्या हातात दिलेला आहे. गेम उपदेश करत नाही. स्पेनला परत आल्यावर तुमच्या नावावर काय जमा आहे ते तुमचं तुम्हाला कळतं.

हा गेम एकट्याने खेळायचा होता. इतकी विक्री झाल्यावर कोणीही शहाण्या माणसाने तसेच गेम काढले असते. तिनेही १९८५ साली 'हार्ट ऑफ आफ्रिका' हा एक काढला. पण तिचं मन चौघांच्या डावातच. १९८६ साली तिने 'रोबॉट रास्कल्स' काढला, पत्ते आणि कॉम्प्युटर असा मिश्र खेळ. त्यात एकट्याने खेळायची सोयच ठेवली नाही! एकटे असाल तर आधी माणसं जमवा. फक्त ९,००० प्रती खपल्या. मग १९८८ साली 'मोडेम वॉर्स', टेलिफोनच्या तारेवरून दोघांनी खेळायचा. आज हे वाचून काहीच वाटणार नाही, पण तेव्हा अमेरिकेतसुद्धा कॉम्प्युटर असलेल्या फार थोड्या लोकांकडे मोडेम होता. म्हणजे गेम तयार, पण खेळायला समोर कोणी नाही. पुढे ती मायक्रोप्रोज कंपनीकडे गेली. तिथे १९९० साली 'कमांड एचक्यू' आणि १९९२ साली 'ग्लोबल कॉन्क्वेस्ट' केला. हा दुसरा गेम नेटवर्कवरून चौघं खेळू शकत होते, आणि एखाद्या मोठ्या कंपनीने काढलेला अशा तऱ्हेचा तो पहिला गेम मानतात. आज आपण रूममध्ये बसून जे करतो ते हेच. फक्त ती थोडी लवकर आली होती.

आणि इथून तिच्या आयुष्यातलं ते वळण सुरू होतं, ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

डॅनीची तीन लग्नं झाली होती. मुलं होती. तिसरं लग्नही मोडलं. नोव्हेंबर १९९२ मध्ये तिने शस्त्रक्रिया करून घेतली आणि डॅनिएल बंटन बेरी म्हणून, एक बाई म्हणून राहायला लागली. हे १९९२ साल आहे हे लक्षात घ्या. गेम बनवणाऱ्यांचं जग म्हणजे जवळजवळ सगळे पुरुष. दुकानात गेम्स मांडले जायचे ते मुलांच्या खेळण्यांत, जाहिरातींत मुलगेच, आणि मुलगी असलीच तर खोक्यावरच्या चित्रात, वाचवायला ठेवलेली. अशा ठिकाणी १४ वर्षं काम करून नाव कमावलेल्या माणसाने एक दिवस उठून सगळ्यांना सांगायचं, की मला ह्यापुढे 'ती' म्हणा! आपल्या मेसमध्ये कोणी नवीन हेअरकट करून आला तरी त्याला आठवडाभर जगणं मुश्कील होतं. हे तर सगळं आयुष्यच.

पुढची काही वर्षं ती पूर्वीइतकी पुढे पुढे दिसत नाही. कामं कमी झाली. १९९३ साली 'म्यूल' सेगाच्या यंत्रावर नव्याने आणायचं चाललं होतं. वरून मागणी आली की त्यात बंदुका आणि बॉम्ब घाला, हल्ली तेच खपतं. डॅनीने नाही म्हणून सांगितलं. तो गेम आलाच नाही. हातात काम कमी असताना, लोक पाठीमागे आपल्याबद्दल काय बोलत असतील ह्याची पूर्ण कल्पना असताना असं 'नाही' म्हणायला काय लागत असेल? आपण कॅम्पसच्या इंटरव्ह्यूत कशाकशाला हो म्हणतो ते आठवून बघा.

आता एक गोष्ट लपवली तर मी तिच्याशी अप्रामाणिक ठरेन. डॅनीने आपल्या निर्णयाबद्दल नंतर अगदी उघडपणे लिहिलं. त्यात तिने स्वतःची भरपूर थट्टाही केली आहे. तिचं म्हणणं असं, की ह्या निर्णयाची किंमत आपल्याला वाटली होती त्यापेक्षा खूप जास्त निघाली, शस्त्रक्रियेपर्यंत न जाताही दुसरा मार्ग सापडला असता का ते आपण पुरेसं बघितलं नाही, आणि ह्या वाटेने निघालेल्या इतरांनी घाई करू नये, नीट विचार करावा. दुसरीकडे तिने हेही सांगितलं, की माणसांमध्ये मिसळणं, त्यांचं ऐकून घेणं तिला आता पूर्वीपेक्षा चांगलं जमतं. हे वाचल्यावर मी थोडा गोंधळलो. मला एक सोपी गोष्ट हवी होती. एकतर ती आनंदाने नांदली अशी, नाहीतर तिचं चुकलं अशी. पण खरी माणसं ब्रोशरसारखी नसतात. आपल्यातला कोणी ब्रँच बदलून पस्तावला तर आपण त्याला तो अजून आपला मित्र आहे की नाही असं विचारतो का? नाही ना. मग तिचा पस्तावा हा तिचा होता. त्यावरून तिला हसायचा परवाना बाकीच्यांना मिळत नाही. तिने तो सगळ्यांसमोर मांडला, तेही पुढच्याला मदत व्हावी म्हणून. मला तर ह्यात पुन्हा तो 'म्यूल'चा नियमच दिसतो. मागून येणाऱ्यावर फटका पडू नये हा.

१९९७ साली ती पुन्हा मैदानात आली. आता घराघरात इंटरनेट येऊ लागलं होतं. तिने 'मोडेम वॉर्स' नव्याने बांधला, 'वॉरस्पोर्ट' नावाने, इंटरनेटवर खेळण्यासाठी. म्हणजे दुनिया शेवटी तिच्या दारापर्यंत येऊन पोचली होती. आणि नेमकी तेव्हाच तब्येत ढासळली. कितीतरी वर्षं भरपूर सिगारेटी ओढल्या होत्या. फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. मे १९९८ मध्ये कॉम्प्युटर गेम बनवणाऱ्यांच्या अमेरिकेतल्या संघटनेने तिला जीवनगौरव पुरस्कार दिला. ज्या जगात ती वेगळी पडली होती त्याच जगाने. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ३ जुलै १९९८ रोजी, ती गेली. वय ४९.

दोन वर्षांनी, २००० साली, विल राइट नावाच्या डिझायनरने 'द सिम्स' हा गेम काढला. माणसांची घरं, नोकऱ्या, भांडणं, प्रेमं चालवायचा हा गेम जगभर प्रचंड खपला, आपल्या मोठ्या बहिणींनी तो घरच्या कॉम्प्युटरवर नक्की खेळलेला असेल. राइटने तो डॅनीच्या स्मृतीला अर्पण केला. योगायोग म्हणा काहीही म्हणा, पण ह्या गेममध्ये पहिल्या दिवसापासून दोन पुरुष किंवा दोन बायका एकमेकांवर प्रेम करू शकत होत्या, एका घरात संसार करू शकत होत्या. गेम त्यावर काही टिप्पणी करत नव्हता. बाकीच्यांसारखेच तेही जेवायचे, भांडायचे आणि बिलं भरायचे. २००७ साली गेम बनवणाऱ्यांच्या अकादमीने डॅनीचं नाव आपल्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. तो सन्मान सिड मायरच्या हातून झाला, म्हणजे 'सिव्हिलायझेशन' बनवणारा. आपल्या गेम्सवर 'सेव्हन सिटीज'चा प्रभाव आहे हे त्याने स्वतः मान्य केलेलं आहे.

म्हणजे सगळं छान झालं का? नाही. २०१४ साली अमेरिकेत गेम बनवणाऱ्या आणि गेम्सवर लिहिणाऱ्या काही बायकांच्या मागे एक मोठा जमाव लागला. 'गेमरगेट' नावाने ते प्रकरण ओळखतात. त्यांना मारून टाकण्याच्या, बलात्काराच्या धमक्या आल्या. त्यांचे घरचे पत्ते उघड केले गेले, काहींना राहतं घर सोडावं लागलं. आणि हे करणारे तेच, जे रात्र रात्र टीमने खेळायचे. डॅनीने ज्या तारा जोडायला आयुष्य घालवलं, त्याच तारांवरून. तार जोडली म्हणजे माणूस जोडला जातो असं नाही, हे तिला माहीत असावं. म्हणूनच तर तिने नियम लिहिले होते, की पुढचा कसा थांबेल आणि मागचा कसा टिकेल.

आमच्या रूममधून त्या रात्री जी मुलगी निघून गेली, ती कोण, कुठली, मला कधीच कळणार नाही. माफी मागायला पत्ताही नाही. अमेरिकेत काय झालं त्यावर मी पानभर लिहू शकतो, पण त्या रात्री मी इअरफोन कानात घालून हसत होतो हे त्याने पुसलं जात नाही. तेवढं मात्र झालं, की आता तो छापता न येणारा शब्द कोणी वापरला की मी नुसतं 'खेळ रे' एवढं म्हणतो. पहिले दोन-तीन दिवस मलाच तो शब्द चिकटवला गेला. नंतर त्यांना कंटाळा आला. आणि आमची टीम आधीसारखीच हरते, त्यात काही फरक नाही!

जाता जाता एक निमंत्रण. ह्या वर्षी गॅदरिंगच्या आठवड्यात कॉमन रूममध्ये एका लॅपटॉपवर 'म्यूल' लावायचा विचार आहे. दोन कंट्रोलर माझ्या रूममध्ये आहेत, तिसरा सीनियरकडून उसना मिळेल, चौथा कोणाकडे असेल तर आणा. मुलींच्या होस्टेलवर कोणाला यायचं असेल तर जरूर या, वेळ रेक्टर मॅडमना विचारून दुपारचीच ठेवतो. स्टाफपैकी कोणी आलं तर त्यांनाही खेळायला घेऊ. गेल्या वर्षी ज्या सरांनी माझी टर्म डिटेन करायची बाकी ठेवली होती त्यांनी तर याच. लिलावात तुमच्याकडचं अन्न संपलेलं असेल आणि विकायला फक्त मीच उभा असेन, तेव्हा बघू!